वहिनी, तुझा राहिलेला गुरुवार

वहिनी, आज सकाळी आईनं ब्लाउजचे चारही हुक स्वतःच्या हातानं लावले. अठरा मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते, हे तुला आवडलं नसतं. चार वेळा वाटलं, पुढं व्हावं आणि पटापट लावून मोकळं व्हावं. चारही वेळा मी मलाच दटावलं. शेवटचा हुक लागल्यावर आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "सुनंदा अशी चुळबुळ करायची नाही. तुला काय मुंग्या चावतात का गं?" मी म्हटलं, मुंग्या नाहीत, माझा स्वभावच आहे. "ते माहीत आहे," आई म्हणाली.

तुला जाऊन तीन महिने झाले. चामराजपेटेतल्या या घरात तू तेहतीस वर्षं नांदलीस, आणि मी या घरची लेक असून गेले तीन महिने तुझी जागा चालवायचा प्रयत्न करते आहे. आईच्या पलंगाशेजारी खाली तुझीच गादी घालून झोपते. शहराच्या दुसऱ्या टोकाचं माझं हेब्बाळचं घर नवऱ्यावर सोपवलंय आणि ऑफिसचं काम तुमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून करते. माझा हा भाऊ, अण्णा, समोर बसून पेपर वाचतो. एकच पान तो तासभर वाचतो.

भेटायला येणारे सगळे तुझं कौतुक करतात. म्हणतात, सून असावी तर अशी, सासूचं सगळं केलं, कधी तोंडातून ब्र काढला नाही. मी चहा देते आणि मान हलवते. पण तुझी नणंद म्हणून मला ठाऊक आहे की तू गेलीस तेव्हा आपलं भांडण चालू होतं. वरवर सगळं गोड, आत अबोला. तो मिटवायचा राहिला. म्हणून हे लिहिते आहे. यात माझ्या चुका आहेत आणि एक-दोन तुझ्याही आहेत. तू मेलीस म्हणून मी त्या सोडणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आई देवघराच्या उंबऱ्यावर अडखळून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि तुझा दिवस आईच्या दिवसाला बांधला गेला. मी एका आड एक रविवारी यायचे. हेब्बाळहून इथवर यायला दीड तास, म्हणून दमून यायचे, आणि दमलेल्या माणसाला वाटतं की आपण फार काही करतो आहोत. फळं आणायचे, प्रोटीनच्या पावडरीचे डबे आणायचे आणि मुख्य म्हणजे सल्ले आणायचे. उरलेल्या दिवसांत सल्ले मोबाइलवर पाठवायचे. म्हाताऱ्यांची हाडं, म्हाताऱ्यांची झोप, म्हाताऱ्यांचं पोट, पडण्यापासून वाचण्याचे उपाय. सकाळी ऑफिसच्या बसमध्ये बसले की पहिलं काम तेच. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि माझ्या उंटाला तर एसी होता. तू प्रत्येक निरोपाला उत्तर द्यायचीस, "सरी, बघते की." निपाणीकडची तू, पण 'बरं'ला 'सरी' मात्र इथं येऊन आमच्यापेक्षा झकास म्हणायला शिकलीस.

आईचा फोन रोज दुपारी यायचा. तुझ्याविषयी. "जेवण झाल्यावर आडवं होऊ देत नाही गं ही. अर्धा तास खुर्चीत बसवून ठेवते, शाळेतल्या पोरीगत." "पाणी मागितलं तर म्हणते, उठा आत्ती, आपण दोघी जाऊ." "केस माझे मलाच विंचरायला लावते, हात वर जात नाही तरी." मी ऐकायचे आणि माझं रक्त उकळायचं. जगातली कुठलीही आई लेकीजवळ सुनेविषयी असंच बोलते, हे मला छप्पन्नाव्या वर्षी तरी कळायला हवं होतं. माझ्या सासूबाई माझ्याविषयी त्यांच्या मुलीला काय सांगत असतील, याचा विचार मी कधी केला नाही.

आणि आपल्या लोकांत माया मोजायचं माप एकच आहे, बसल्या जागी. 'सून इतकी चांगली की सासूला बसल्या जागी ताट.' 'लेकानं बापाला बसल्या जागी सगळं दिलं.' कानडी मुलखात इतक्या पिढ्या काढल्या, बोलण्यात निम्मे शब्द कानडी झाले, पण हे माप तसंच राहिलं. आपल्या आजीला मी शेवटची दोन वर्षं पलंगावरून उतरलेली पाहिली नाही, आणि सगळा गोतावळा म्हणायचा, भाग्यवान बाई. मी याच मापानं तुला मोजलं.

संक्रांतीचा तो दिवस तुला आठवत असणारच. मावशी आणि तिची सून एळ्ळु-बेल्ला, इकडचा तिळगूळ, घेऊन आल्या होत्या, मीही आले होते. आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती आणि तिच्यासमोर भिजवलेल्या अवरेकाळूंचं, म्हणजे पावट्याच्या दाण्यांचं, हे मोठं ताट. एकेक दाणा चिमटीत धरायचा, दाबायचा, साल सुटली की दाणा वाटीत. तिची बोटं थरथरत होती, दाणे निसटून टेबलावर पळत होते. तू बाजूला उभी. हात पाठीमागं बांधून, पहाऱ्यावर असल्यासारखी. आई म्हणाली, पाणी हवं. तू म्हणालीस, "उठा की आत्ती, माठ तिथंच आहे." आणि आई उठली. दोन वेळा अर्धवट उठून परत बसली, तिसऱ्यांदा उठली. वॉकर पुढं टाकत निघाली, पाय लटपटत होते, आणि तू तिच्यामागून अर्ध्या पावलावर चालत होतीस. हात तसेच पाठीमागं.

मी म्हटलं, "वहिनी, हात मोडलेत का तुझे?"

"स्वल्प थांब शैला, सांगते की."

"काय सांगणार? चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला दाणे सोलायला बसवलंस, पाण्याला चालवतेस. माझ्या आईला मोलकरीण करून ठेवलंयस तू!"

मावशीनं मान खाली घातली. तिची सून उगाच स्वयंपाकघरात गेली. तू माझ्याकडं बघितलंस, तोंड उघडलंस आणि परत मिटलंस. आई पाण्याचा पेला घेऊन उभी होती. मग तू सगळ्यांना वाढलंस आणि निघताना माझ्या हातात अवरेकाळूच्या सारूचा डबा दिलास. मी तो घेतला. घरी जाऊन दोन वेळा पुरवून खाल्लाही. चांगला झाला होता.

त्यानंतर आपण बोललो ते सगळं हवापाण्याचं. मी यायचे, आईजवळ बसायचे, तू चहा ठेवून जायचीस. पूर्वी तू मला बसस्टॉपपर्यंत पोचवायला यायचीस आणि वाटेत फुलं घ्यायचीस, ते बंद झालं. मला वाटायचं, चूक तिची आहे, बोलायला तिनं यावं.

आणि मग एका दुपारी अण्णाचा फोन आला. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या आणि गॅस कुणी बंद करेना, म्हणून आईनं अण्णाला हाक मारली. तू ओट्याखाली पडलेली होतीस. हॉस्पिटलात नेईपर्यंत काही राहिलं नव्हतं. हृदय, म्हणाले. अण्णाला फोनवर 'सुनंदा गेली' एवढंही म्हणता येईना, तो नुसता "कुकर, कुकर" म्हणत राहिला. साठ वर्षांचं तुझं वय, वहिनी. आम्ही सगळे आईचे दिवस मोजत होतो.

तेरावा झाला आणि मी ठरवलं, आता आईला खरं सुख काय ते दाखवायचं. खोटं कशाला सांगू, मनात कुठंतरी तुला दाखवायचंही होतं. पलंगाला टेकवायची मोठी उशी आणली. पलंगावर ठेवायचं छोटं टेबल आणलं. उशाशी घंटी ठेवली. न्हाणीघरापर्यंतच्या बोळात तू मधोमध एक खुर्ची ठेवली होतीस, ती मला आडवी येत होती, ती गच्चीवर टाकली. आईला लघवीसाठी भांडं देऊ लागले. अंग पुसायचं, केस विंचरायचे, ब्लाउज चढवायचा, भात कालवून घास भरवायचे, सगळं मी. आई पहिले दोन दिवस म्हणाली, "मी करते की गं." तिसऱ्या दिवसापासून म्हणेना. मावशी आली आणि म्हणाली, "शैले, शेवटी लेक ती लेक." मला बरं वाटलं. ते वाक्य मी तुझ्या फोटोसमोर बसून ऐकलं, आणि तरीही बरं वाटलं.

दोन आठवडे आई सुखात होती. मग जेवताना ठसका लागायला लागला. उशीवर रेललेली असायची आणि मी घाईघाईनं घास द्यायचे, कारण पुढची मीटिंग असायची. ठसक्याचा खोकला झाला, खोकल्याचा ताप. डॉक्टर घरी येऊन छाती तपासून गेले, औषध दिलं, आणि जाता जाता विचारलं, "बसवून भरवता ना?" मी हो म्हटलं. पलंगावर रेलणं म्हणजे बसणंच, असं मला वाटत होतं. ताप उतरला त्या दिवशी म्हटलं, चला, आज खुर्चीत बसवू. मी एका बाजूनं, अण्णा दुसऱ्या बाजूनं. आईनं पाय खाली सोडले, जोर लावला, आणि तिचे गुडघे वाकले. तिला उभंच राहता येईना. ती आपल्या पायांकडं बघत राहिली आणि म्हणाली, "सुनंदेला बोलव." मग तिला आठवलं.

त्या दिवशी मी घाबरले, वहिनी. तू दोन वर्षं उभी ठेवलेली बाई मी तीन आठवड्यांत आडवी केली होती. तुझ्या फोनमध्ये 'व्यायाम मॅडम' म्हणून एक नंबर होता, तो लावला. रेखा आली. तुझी रेखा, खांद्याला पिशवी, बसनं येणारी. तुझ्या फोटोपुढं ती आधी हात जोडून उभी राहिली, बराच वेळ. मग आत येऊन उशी, टेबल, घंटी, भांडं सगळं बघितलं आणि विचारलं, "इदेल्ला यार माडिद्दु?" हे सगळं कुणी केलं? मी जरा ताठ होऊन म्हटलं, "नाने." मीच.

ती रागावली नाही. स्टूल ओढून बसली आणि मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. म्हणाली, अज्जी कैयल्ले माडिसि. आजींचं काम आजींच्याच हातानं करून घ्या. या वयात चार दिवस पलंगावर गेले की पायातली ताकद जी जाते, ती परत कमवायला महिने लागतात. पाण्यासाठी उठणं हा त्यांचा व्यायाम आहे. केस विंचरणं हा खांद्याचा, हुक लावणं हा बोटांचा. जेवायचं ते खुर्चीत ताठ बसून, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या चालीनं, आणि नंतर अर्धा तास बसूनच राहायचं, नाहीतर घास भलतीकडं जातो. आणि बोळातली ती खुर्ची कुठं गेली? ती तिनंच तुला ठेवायला सांगितली होती म्हणे, आईला अर्ध्या वाटेत टेकता यावं म्हणून.

मग ती हसली आणि म्हणाली, "तुमच्या वहिनींना सुरुवातीला जमतच नव्हतं. अज्जी जरा थरथरल्या की यांचे हात पुढं. शेवटी मी सांगितलं, अक्का, हात पाठीमागं बांधा. पडतायत असं वाटलं तरच सोडा." मी उठून स्वयंपाकघरात गेले. माठावर डोकं टेकून उभी राहिले आणि रडले. माझा सगळा मोठेपणा त्या माठावर उतरला.

तेव्हापासून मी शिकते आहे. खुर्ची गच्चीवरून खाली आली, घंटी गेली, भांडं गेलं. पहिल्या दिवशी आई पलंगाच्या कडेशी नुसती पाय सोडून बसली. चौथ्या दिवशी आम्हाला धरून उभी राहिली आणि मी मनात दहापर्यंत मोजलं. आता कुठं वॉकर धरून, बोळातल्या खुर्चीत टेकत, न्हाणीघरापर्यंत जाते. करणं सोपं असतं, वहिनी. मी आयुष्यभर पटापट करणारी बाई म्हणून पगारवाढी घेतल्या. आईच्या हातातला घास तोंडापर्यंत जाईस्तोवर नुसतं बसून राहायचं, भात सांडला तर हूं की चूं करायचं नाही, हे मला ऑफिसच्या कुठल्याही कामापेक्षा जड जातं. तू ते दोन वर्षं केलंस. वर माझे निरोप वाचलेस. तुझे उपकार आहेत हे मी कधी म्हटलं नाही. आज म्हणते.

पण माझाही एक प्रश्न आहे. तू मला सांगितलं का नाहीस? संक्रांतीला मी तोंड उघडू दिलं नाही, मान्य. पण नंतर सहा महिने होते. एक फोन. 'शैला, डॉक्टरांनी असं सांगितलंय, तुला माहीत नाही तर गप्प बस.' एवढं बोलायला काय हरकत होती? तुझ्या त्या सोसण्याचं सगळे कौतुक करतात, मला त्याचा राग येतो. न बोलणाऱ्या माणसांमुळं आमच्यासारखी बोलणारी माणसं आयुष्यभर चुकीची राहतात. तू भांडायला हवं होतंस. मी तेव्हा चिडले असते, चार दिवस फोन केला नसता, आणि पाचव्या दिवशी आले असते. तू मला इतकं तरी ओळखायला हवं होतंस.

आता ते सांगते जे मी अण्णालाही सांगितलेलं नव्हतं.

जायच्या सतरा दिवस आधी तू मला फोन केला होतास. तू आपणहून फोन करणं म्हणजे विशेषच. म्हणालीस, "शैला, काय करालीस? गुरुवारी अर्धा दिवस येतीस काय? मला जरा डॉक्टरला दाखवून यायचंय. जिना चढलं की धाप लागालीय." मी म्हटलं, गुरुवारी रिव्ह्यू आहे गं, हलताच येणार नाही. एजन्सीतून एक बाई पाठवते चार तासांसाठी. तू म्हणालीस, "नको, आत्तींना परकी बाई चालत नाही." मी म्हटलं, मग अण्णा आहे की घरात. तू म्हणालीस, "त्यांचं कसं जमतंय? असू दे की, बघू पुढच्या आठवड्यात." पुढच्या आठवड्यात मी विसरले. त्या संध्याकाळी मात्र तुला एक निरोप पाठवला होता, घरातल्या आजाऱ्याचं करणाऱ्यांनी स्वतःची काळजी कशी घ्यावी. तू हात जोडल्याचं चित्र पाठवलंस.

तो निरोप अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी तो पुसून टाकलेला नाही.

'त्यांचं कसं जमतंय' म्हणजे काय, ते मला इथं राहायला आल्यावर कळलं. अण्णा चौसष्ट वर्षांचा आहे, घरातच असतो, धडधाकट आहे. पण आईला न्हाणीघरात न्यायची वेळ आली की आई म्हणणार, "तू जा रे बाहेर." लेकाच्या हातून ती जाणार नाही. मुलासमोर लुगडं सावरायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं. अण्णाही काढता पाय घ्यायचा, त्याला सुटल्यासारखं वाटायचं. म्हणजे घरात दोन माणसं असून आईच्या न्हाणीघराला तू एकटीच होतीस. दोन तासांतून एकदा. आणि दोन तासांत चामराजपेटेतून हॉस्पिटलला जाऊन, रांगेत बसून परत येणं होत नाही. तुझा गुरुवार असा अडला होता. माझी रिव्ह्यू मीटिंग हे त्याचं अर्धंच कारण होतं. पण ते अर्धं माझं आहे.

परवा दुपारी मी आईला हे सांगितलं. ती जेवून खुर्चीत अर्धा तास बसली होती, मी तिच्यासमोर. म्हटलं, "आई, वहिनीनं मला बोलावलं होतं. डॉक्टरकडं जायला. मी आले नाही."

आई म्हणाली, "मला माहीत आहे. मी इथंच बसले होते."

मी स्टूल तिच्याजवळ ओढलं.

"तिनं फोन ठेवला आणि म्हणाली, कामाची पोर आहे, तिला कसं येता येणार." आई सांगत होती. "मग म्हणाली, आत्ती, दोन तास ह्यांच्याजवळ राहाल काय? मी म्हटलं, नको गं बाई. मला लाज वाटते." आणि पुढं म्हणाली, "शैले, तू आली नाहीस हे खरं. पण मी हो म्हटलं असतं तर तुझी गरजच नव्हती."

दोघीही रडलो नाही. तिचा अर्धा तास पुरा व्हायचा होता, तो झाला. मग ती खुर्चीचे हात धरून उठायला लागली आणि मी हात पाठीमागं घेतले. उभी राहिल्यावर ती म्हणाली, "तुझं बीपी तू शेवटचं कधी बघितलंस?" मला आठवेना. जिना चढताना मलाही हल्ली थांबावं लागतं, ते तिनं पाहिलं होतं. "गुरुवारी जाऊन दाखवून ये," आई म्हणाली. मी म्हटलं, तुझ्याजवळ कोण बसणार? तर म्हणाली, "अण्णा आहे की."

आज गुरुवार. सकाळी ती स्वतः तयार झाली, ते तुला वर सांगितलंच. मी अकराला निघाले. अण्णाला सगळं समजावून सांगितलं. वॉकर कुठं धरायचा, पायात मागं पट्टा असलेल्याच चपला घालायच्या, ओल्या फरशीवर आधी पायपुसणं टाकायचं. शाळेत पहिल्या दिवशी निघालेल्या मुलासारखा तो मान हलवत होता. हॉस्पिटलात बीपी बरंच वाढलेलं निघालं. गोळी सुरू झाली, आणखी दोन तपासण्या सांगितल्यात, त्या मी करणार आहे. सगळं धरून पावणेतीन तास लागले.

परत आले तेव्हा पुढची खोली रिकामी होती. मी धावतच आत गेले. बोळात, न्हाणीघराच्या दाराबाहेर अण्णा उभा होता. तोंड भिंतीकडं, हातात आईचा टॉवेल. दार अर्धवट लोटलेलं. मी पुढं होणार एवढ्यात त्यानं मला हातानं थांबवलं. आतून पाण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला आणि आईनं हाक मारली, "झालं रे माझं. ये आत, स्वल्प हात दे."

अण्णा आत गेला. एवढंच करायचं होतं, वहिनी.